गुवातला दिवा

डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर. कोल्हापुरातल्या किती पोरांनी हे नाव ऐकलंय? ऐकणार कसं? माणसानं शोध लावला तो गुवावर. आणि गू म्हटलं की ह्या देशाला दोनच गोष्टी येतात: नाक दाबायचं, आणि आमच्या वस्तीकडं बोट दाखवायचं.

१९६० च्या आसपास मापुसकर देहूच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. तुकोबाचं गाव, आणि सगळं गाव उघड्यावर बसतंय. नुसत्या गोळ्यांनी जुलाब थांबणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं. सुरुवातीला बांधलेले संडास पावसात कोसळले. माणूस हटला नाही. १९८० च्या सुमारास त्यांनी संडासाला जोडलेलं गॅस संयंत्र उभं केलं. नाव ठेवलं 'मलप्रभा'.

युक्ती बघा. मैला संडासातून थेट बंद टाकीत जातो. तिथं हवा नाही. जिवाणू त्याला कुजवतात, मिथेन सुटतो, नळीनं चुलीला येतो. मैला टाकीत आठवडेच्या आठवडे राहतो, रोगजंतू मरत जातात, मागं खत उरतं. सरपण नको, धूर नको. आणि कुणाच्या डोक्यावर पाटी नको!

दोस्तांनो, मुद्दा हाच हाय. लोक मापुसकरांना स्वच्छतेचे डॉक्टर म्हणून हार घालतात. मी म्हणतो, त्यांनी जातीच्या कामावर घाव घातला. शाहू महाराजांनी १९१८ ला महार वतनं खालसा केली, जन्माशी बांधलेलं काम हुकमानं तोडलं. ह्या डॉक्टरनं तेच विटा-सिमेंटनं करून दाखवलं.

मी गोदीत ओझी उचलतो. मशीन आलं की हमालाचं पोट जातं, म्हणून मशीनला शिव्या घालतो. पण हे मशीन आणा म्हणून मी मोर्चात पुढं चालीन. हे काम मेलंच पायजे. काम गेलेल्याला दुसरं पक्कं काम द्या, उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

मैला उचलण्यावर बंदीचा कायदा १९९३ ला झाला, दुसरा २०१३ ला. माणसं गटारात मरायची थांबली नाहीत. २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं भरपाई ३० लाख केली. मेलेल्याचा भाव वाढला, जित्याचं उतरणं चालूच. मापुसकर २०१५ ला गेले, पद्मश्री आली २०१७ ला. इथं कदरसुद्धा मेल्यावरच.

तरी भुलू नका. टाकी एकटी जात मोडत नाही. गाळ उपसायला पुन्हा आमचाच पोरगा दोर बांधून उतरवला, तर ती मलप्रभा कसली? जुन्याच पाटीला नवं झाकण.

जयंती नाल्यानं शहराची घाण वर्षानुवर्षं पंचगंगेत ओतली. म्हणून मागणी सरळ हाय: वस्तीतल्या सार्वजनिक संडासाला अशी टाकी बांधा. गॅस वस्तीच्याच चुलीला द्या. गाळ पंपानं काढा. आणि देखभालीची नोकरी काढाल तेव्हा अर्जावर जात बघू नका. बामणाच्या पोरालाही रांगेत उभं करा.