संगणक जागा होतो, माउस का उठत नाही?



आपल्या वस्त्यांतून आता चार-पाच घरांआड एखादा लॅपटॉप दिसतो. बहुधा जुना, नाहीतर हप्त्यावर घेतलेला. त्यावर मुले अभ्यास करतात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, कुणी घरबसल्या नोंदी भरण्याचे काम करते. अशा घरांतून एक तक्रार कानी येते. संगणक 'स्लीप'मधून जागा झाला की बिनतारी माउस काही वेळ हलतच नाही. दर अर्जामागे पैसे मिळणाऱ्या मुलीचा असा दिवसातून वीस वेळा खोळंबा झाला, तर तिची मजुरीच बुडते. दुकानात नेल्यावर न तपासताच 'बोर्ड गेला' म्हणून हजार-दोन हजारांचा खर्च सांगणारेही भेटतात. म्हणून असे का होते, ते आधी समजून घेऊ.

बिनतारी माउस दोन प्रकारचे असतात. एकासोबत यूएसबीत खोचायचा नखाएवढा रिसीव्हर येतो. दुसरा ब्लूटूथवर चालतो. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरी वापरतात. संगणक झोपला की वीज वाचवण्यासाठी तो ब्लूटूथ आणि यूएसबीचा पुरवठा कमी करतो. इकडे माउसही सेल वाचवण्यासाठी झोपतो. जागे झाल्यावर दोघांना एकमेकांचा शोध घ्यावा लागतो. ब्लूटूथमध्ये ओळख पटवून जोडणी नव्याने बांधावी लागते, म्हणून त्याला जास्त वेळ लागतो. दोन-तीन सेकंद गेले तर काळजी नको. रोजच दहा-वीस सेकंद जात असतील तर पुढील गोष्टी एकेक करून पाहा.

१) संगणक जागा झाल्यावर माउस नुसता हलवू नका, त्याचे बटण दाबा. काही माउस बटण दाबल्याशिवाय उठतच नाहीत.

२) सेल बदला. सेल उतरला की जोडणी रेंगाळते.

३) त्याच वेळी लॅपटॉपची स्पर्शपट्टी चालते का, ते पाहा. चालत असेल तर बोर्ड गेला म्हणणे पटण्यासारखे नाही. मग माउस दुसऱ्या संगणकाला जोडून तो झोपवून-उठवून पाहा. तिथेही उशीर झाला तर दोष बहुधा माउसचाच.

४) रिसीव्हर यूएसबी ३.० च्या जागेत असेल, किंवा शेजारी पेनड्राइव्ह, हार्डडिस्क असेल, तर जागा बदला. यूएसबी ३.० मुळे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत अडथळा येतो, हे इंटेल कंपनीने २०१२ साली मोजमापांसह दाखवून दिले आहे. छोटी एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर माउसजवळ आणला तरी फरक पडतो.

५) विंडोज असेल तर विंडोजचे बटण आणि एक्स एकत्र दाबा, मग एम दाबा. डिव्हाइस मॅनेजर उघडेल. ब्लूटूथ माउस असेल तर 'ब्लूटूथ'खालील अ‍ॅडॅप्टर, रिसीव्हरवाला असेल तर 'यूएसबी रूट हब' निवडून प्रॉपर्टीज उघडा. 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण असते, ती काढा. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल, पण खोळंबा टळेल. काही नव्या लॅपटॉपवर हे पान दिसत नाही. तिथे पुढचा उपाय करा.

६) लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ब्लूटूथचा नवा ड्रायव्हर घ्या. तो फुकट मिळतो. तरीही जमले नाही तर ब्लूटूथच्या यादीतून माउस काढून पुन्हा जोडा.

एका वेळी एकच बदल करा आणि संगणक झोपवून-उठवून पाहा. सगळे एकदम केले तर कशाने गुण आला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागते.

माउस उठेपर्यंत हात बांधून बसू नका. टॅबने पुढच्या रकान्यात जाता येते, कंट्रोल आणि एस दाबून बहुतेक ठिकाणी काम जतन होते. परीक्षेच्या किंवा अर्जाच्या शेवटच्या दिवशी मात्र स्लीपची सोय बंद ठेवा आणि वायरचा साधा माउस जवळ असू द्या. तो थोड्या पैशांत मिळतो, त्याला सेल लागत नाही. मुदत टळली तर मुलाचे वर्ष जाते, आणि ते कुठल्याही दुकानात दुरुस्त होत नाही.