9H म्हणजे हिरा नव्हे!

गाडीला ‘सिरॅमिक कोटिंग’ करून घ्या, मग ओरखडा म्हणून उठायचा नाही, म्हणे! का? तर कडकपणा ‘9H’. हिऱ्याचा 10, म्हणजे हा त्याच्या खालोखाल, असा गिऱ्हाइकाचा समज होतो आणि तो कोणी दूर करत नाही.

मंडळी, हिऱ्याचा 10 हा मोहस मापनातला. 9H ही शिसपेन्सिल! 9B ते 9H पेन्सिली लेपावर ठरावीक दाबाने ओढून बघतात. सगळ्यांत कडक पेन्सिलीनेही चरा पडला नाही, की झाला 9H.

आता मध्य प्रदेशातले बालाघाट घ्या. गोंदियाच्या शेजारचा जिल्हा, शहराजवळच भरवेलीची मँगनीजची खाण. तिथल्या ब्राउनाइट खनिजाचा कडकपणा मोहसवर 6 ते 6.5, साध्या वाळूतल्या गारेचा 7. असली धूळ बसलेल्या गाडीवर कोरडे फडके फिरवा आणि पेन्सिल किती तारते ते पाहा! सावर्डे-कुडचड्याची तांबडी धूळ ज्यांनी खाल्ली, त्यांना वेगळे सांगायला नको.

लेप असतो एकदोन मायक्रॉनचा. तो लावण्याआधी पॉलिशचे यंत्र मूळ क्लिअर कोटच खरवडते, आणि तो असतो जेमतेम 40-50 मायक्रॉन. हे मात्र जाहिरातीत नसते.

लेपावरून पाणी ओघळते, मळ चटकन निघतो, चकाकी येते. हे गुण खरे आहेत. तेवढेच सांगा आणि मेहनतीचे पैसे खुशाल घ्या. पण ‘आता गाडीकडे बघायला नको’ ही थाप कशाला? तिच्यावर विसंबणाऱ्याची गाडी चरे पडून खराब होते आणि प्रामाणिक कारागिराचेही नाव जाते.