प्रतिपिंडं कोणाच्या रक्तात?

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या आर-उत्तर, एम-पश्चिम आणि एफ-उत्तर या तीन वॉर्डांत ६,९३६ जणांचं रक्त तपासलं गेलं. नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांचा तो सेरो सर्वे. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं सापडली, झोपडपट्टीबाहेर १६ टक्के.

लगेच कौतुक सुरू झालं. गरिबांची इम्युनिटी भारी, धारावी आता हर्ड इम्युनिटीच्या दारात! पण तेव्हा लस आलेलीच नव्हती. प्रतिपिंडं आहेत याचा अर्थ एवढाच, की विषाणू त्या शरीरात येऊन गेला. आणि रक्त जगलेल्यांचंच घेतात. दहा बाय दहाच्या खोलीत, सामायिक संडासाच्या रांगेत जी लागण झाली, तिला प्रतिकारशक्ती हे गोंडस नाव मिळालं. त्याच महिन्यांत सोसायट्यांच्या गेटवर घरकाम करणाऱ्या बायांना 'तुम्ही रोग आणाल' म्हणून अडवलं जात होतं. कचरा उचलणारा मात्र रोज हवा होता.

विषाणू जात बघत नाही, असं मला माझ्याच विषयातले लोक सांगतात. नसेल बघत. घरं मात्र जातीनं वाटलेली आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार शहरी भारतात अनुसूचित जाती १२.६ टक्के, झोपडपट्ट्यांत २०.४ टक्के. म्हणजे जनगणनेला वस्ती आणि जात एकत्र मोजता येते. सेरो सर्वेच्या जाहीर निष्कर्षांत वॉर्ड आहे, वय आहे, लिंग आहे, वस्ती आहे, जात नाही. झोपडपट्टीतले सगळेच काही दलित नाहीत. मुसलमान आहेत, ओबीसी आहेत, मराठेही आहेत. म्हणूनच जातीच्या रकान्याचं काम 'झोपडपट्टी' या शब्दावर भागवता येत नाही.

देशपातळीवरही जात सरासरीत बुडते. जून-जुलै २०२१ च्या आयसीएमआरच्या चौथ्या फेरीत ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडं आढळली आणि सुमारे ४० कोटी लोकांना अजून धोका आहे, असं सरकारनं सांगितलं. हे ४० कोटी कोण, कोणत्या जातींचे, गावात की गावकुसाबाहेर? लसीची गाडी आधी कुठे वळवायची, हे त्या उत्तरावर ठरायला हवं होतं. त्यासाठी सर्वेच्या फॉर्मवर एक रकाना वाढवावा लागला असता.