टोचणी नेमकी कुणाला?

सकाळी भाईंदर स्थानकावर चर्चगेट लोकलची वाट पाहणाऱ्या बायकांत एखादी तरी आई पाळणाघराला फोन लावून उभी असते. ‘ताप उतरला का? औषध घेतलं का? फार रडला तर मला लावा हं.’ गाडी येते, ती चढते, दहिसर गेलं तरी चेहरा उतरलेलाच. पश्चिम रेल्वेवर लेडीज स्पेशल १९९२ मध्ये सुरू झाली. नोकरीला जाणाऱ्या बायकांची दुसरी पिढी आता रुळांवर आहे, तरी ही टोचणी संपलेली नाही. तिने केलं काय? घराचा हप्ता फेडायचा म्हणून कामाला निघाली. त्याच घरातून बापही निघतो. त्याला कुणी जाब विचारत नाही आणि त्याचं मनही त्याला खात नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये एक महत्त्वाचा भेद मांडला. ‘मीच वाईट’ असं वाटणं वेगळं आणि ‘माझ्या हातून वाईट घडलं’ असं वाटणं वेगळं. पहिल्या भावनेने माणूस खचतो, तोंड लपवतो. दुसरीत तो चूक निस्तरायला लागतो. त्या आईला छळते ती पहिली. तिच्या हातून काही वाईट घडलेलंच नाही, मग निस्तरणार काय?

चूक निस्तरण्याची रीत या शहराला ठाऊक आहे. भाईंदर पश्चिमेला बावन जिनालयासारखी मोठी जैन देरासरं आहेत. पर्युषणाच्या शेवटी संवत्सरीला प्रतिक्रमण होतं, घरोघर ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून क्षमा मागितली जाते. तिकडे शहराच्याच उत्तन भागातल्या चर्चमध्ये कोळी कुटुंबं पापनिवेदन करतात. दोन्हीकडे मोघम हळहळ चालत नाही. काय चुकलं ते सांगायचं आणि पुन्हा करणार नाही असं ठरवायचं.

पण जिथे खरोखर टोचायला हवं, तिथे आपण निवांत असतो. शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो. ओला-सुका वेगळा करून देणं हे २०१६ च्या नियमांनी प्रत्येक घराचं काम ठरवलं. तरी कित्येक घरांत भाजीची देठं, डायपर, दुधाची पिशवी, फुटका बल्ब एकाच काळ्या पिशवीत कोंबून गाठ मारली जाते आणि पिशवी दाराबाहेर ठेवली जाते. मिसळलेला ओला कचरा ढिगात दबून कुजतो, त्यातून पेट घेणारा वायू निघतो, डोंगरावर आगी लागतात. धूर खाली उतरतो तो वाळत घातलेल्या बोंबलांवर आणि कोळीवाड्यांतल्या घरांत. उत्तनकरांनी त्याविरोधात किती वर्षं मोर्चे काढावेत? प्रक्रिया करणं महापालिकेचं काम आहे आणि त्याचा जाब तिला विचारलाच पाहिजे. पण पिशवीची गाठ आपण मारतो. ‘सगळेच असं करतात’ म्हटलं की ही चूक कुणाच्याच नावावर राहत नाही आणि मन मोकळं होतं. मला हे मोकळेपण मान्य नाही.

म्हणून दोन गोष्टी उद्यापासून व्हाव्यात. पाळणाघराला फोन बापाने लावावा. आणि ज्या घरात ओल्या-सुक्याचे डबे वेगळे नाहीत, त्या घराने ते ठेवावेत.