उपचाराची भाषा कोणती?

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्याचा आजवरचा रूढ मार्ग म्हणजे मानसशास्त्रात एम. ए., त्यानंतर रुग्णांसोबतच्या प्रत्यक्ष कामासह दोन वर्षांचे एम. फिल. आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. हे शिक्षण प्रामुख्याने इंग्रजीतून होते. मानसोपचाराचे मुख्य साधन मात्र संवाद असल्याने तो रुग्णाच्या भाषेतच व्हावा लागतो.

उरणचे उदाहरण घ्या. १९८९ मध्ये येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि शेती, मिठागरे व मासेमारीवर जगणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांचे जीवन पालटले. येथील एखादी वृद्धा ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणणार नाही. ‘जीव कशात रमत नाही, छातीवर दगड ठेवल्यागत वाटतं’ असे म्हणेल. यात दुःख किती आणि आजार किती, हे केवळ भाषांतरित प्रश्नावलीवरून कळत नाही. बोलणे समजणारा माणूस समोर असावा लागतो.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार आजाराची व उपचाराची माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. मग मराठीतून आणि तिच्या बोलींतून मुलाखत घेण्याचा सराव या अभ्यासक्रमात अनिवार्य का नसावा? संशोधनासाठी इंग्रजी हवीच. पण ती पुरेशी नाही. बोली व वाक्प्रचारांचा आपला अभ्यास येथे उपयोगी पडणारा आहे. आपल्या परिसरातील माणसे मनाची व्यथा कोणत्या शब्दांत सांगतात, ते टिपण्यापासून आरंभ करा.