‘बोर्ड गेला’ या निदानाचे खंडन

सुटा केलेला संगणक नव्या भागांसह पुन्हा जोडल्यावर पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो, तेव्हा ‘बोर्ड गेला’ हे निदान सर्वांत आधी केले जाते. पंखे फिरतात त्या अर्थी एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेपासून कमी दाबाची एकदिश वीज देणारा भाग, धडधाकट आहे आणि वीज मिळूनही यंत्र जागे होत नाही त्या अर्थी दोष मदरबोर्डातच असला पाहिजे, असा हा पूर्वपक्ष आहे.

तो टिकत नाही. पंख्याला १२ व्होल्टची एकच वाहिनी पुरते. एटीएक्स रचनेत मात्र ३.३, ५ आणि १२ व्होल्ट हे तिन्ही दाब स्थिर झाल्यावरच एसएमपीएस ‘वीज ठीक’ असा स्वतंत्र संकेत बोर्डाला देतो, आणि तो मिळेपर्यंत प्रोसेसर थोपवून धरलेला असतो. शिवाय प्रोसेसरची वीज बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातील ४ किंवा ८ पिनांच्या वेगळ्या जोडणीतून येते. ती लावायची राहिली, तर २४ पिनांच्या मुख्य जोडणीवर पंखे खुशाल फिरतात आणि प्रोसेसर निश्चेष्ट राहतो. डीडीआर५ रॅम असलेली यंत्रे तर पहिल्या वेळी स्मृतीचा मेळ बसवण्यात काही मिनिटे घेऊ शकतात, आणि तेवढ्यात वीज तोडणारा माणूस ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावतो.

‘दुसरा बोर्ड लावून पाहावा’ या उपायात तथ्य आहे, पण तो भाग दुसऱ्या यंत्रात चाललेला असेल तरच. खोक्यातून नुकताच काढलेला भाग नवा असतो, पारखलेला नसतो. त्यातही कॅबिनेटमध्ये बोर्डाला पाठीमागून आधार देणारा एखादा पितळी खुंट चुकीच्या जागी राहून शॉर्ट होत असेल, तर नवा बोर्डही तेथेच अडेल.

म्हणून भाग वाढवत नव्हे, कमी करत जाणे हीच खरी पद्धत होय. बोर्ड कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर ठेवावा, त्यावर प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅमपट्टी आणि छोटा स्पीकर एवढेच असावे. प्रोसेसरमध्ये चित्रनिर्मितीची सोय नसेल (इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेरीस केवळ ‘एफ’ असते, त्यांत ती नसते), तर ग्राफिक्स कार्डही लावावे. एवढ्यावर चित्र उमटले, तर संशय कॅबिनेटवर किंवा वगळलेल्या भागांवर जातो. तरीही न उमटल्यास एसएमपीएसचा स्विच बंद करून रॅमपट्टीही काढावी आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. सुरू होताना यंत्र स्वतःची जी तपासणी करते तिला ‘पोस्ट’ म्हणतात. रॅम नसल्याची तक्रार तिने शिट्टीने किंवा बोर्डावरील दिव्याने केली, तर तक्रार करण्याइतपत प्रोसेसर, बायॉस आणि बोर्ड जिवंत आहेत हे सिद्ध होते. मुद्दाम केलेल्या उणिवेतून मिळणारा हा पुरावा कितीही भाग बदलून इतक्या स्वस्तात हाती येत नाही.

पोस्ट पूर्ण होऊन केवळ विंडोज सुरू होत नसेल, तर बोर्डाला दोष देण्याचे कारणच उरत नाही. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या विभागणीची आणि नवा बोर्ड केवळ यूईएफआय पद्धतीने सुरू होणारा, अशी विसंगती असू शकते. तेवढ्यासाठी डिस्क पुसण्याचा सल्ला तर अक्षम्य आहे. २०१७ पासून विंडोज १० मध्ये असलेले ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन माहिती न पुसता विभागणी बदलण्यासाठीच आहे, आणि तत्पूर्वी माहितीची दुसरी प्रत काढून ठेवणे एवढेच काम उरते.