हाक कोणाची, नाव कोणाचे?

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’वर (२०१६) मराठीत विपुल समीक्षालेखन झाले. जात, पितृसत्ता, पाटीलकी, आर्चीचे कर्तेपण, अखेरची रक्ताळलेली इवली पावले, यांतील काहीही चर्चेतून सुटले नाही. सुटला तो लंगड्या. परशाच्या या मित्राचे नाव प्रदीप आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना आठवते? प्रस्तुत लेखकाचा मुख्य आक्षेप चित्रपटावर नाही; आपल्या वाचनावर आहे.

‘फँड्री’चे (२०१३) शीर्षकच मुळात एक हाक आहे. कैकाडी बोलीतला डुकराचा वाचक शब्द गाव जब्यावर फेकते आणि अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या अंगावर येतो. त्या दगडाचा अर्थ उलगडण्यात आपण धन्यता मानली. पुढे ‘लंगड्या’ या हाकेवर चित्रपटगृहे हसली, तेव्हा मात्र समीक्षेला त्यात वावगे दिसले नाही. जातीवरून मारलेली हाक ही हिंसा आणि देहावरून मारलेली हाक हा विनोद, ही विभागणी कोणत्या सिद्धान्तात बसते?

यावर ग्रामीण वास्तवाचा दाखला दिला जाईल. तो खोटा नाही. ज्या करमाळा तालुक्यातील जेऊरचे मंजुळे आहेत आणि जेथे ‘सैराट’ घडतो, त्या उजनीच्या फुगवट्याकाठी लंगड्या, बहिऱ्या, थोट्या ही नावे रोजचीच. त्यांत आपुलकीही असते. न बोलणारे, नजर न देणारे मूल तेथे ‘येडं’ ठरते. २०१६च्याच कायद्याने स्वमग्नतेसह एकवीस प्रकारचे अपंगत्व मान्य केले. पण कायद्याचा शब्द वेशीपर्यंत पोचतो, हाक घरात राहते. शिवाय ‘वास्तव असेच आहे’ हे समर्थन दलित साहित्याने केव्हाच निकालात काढले आहे.

त्याच साहित्याने आपल्याला एक कसोटीही दिली आहे. सोलापूर जिल्ह्यातील शरणकुमार लिंबाळे यांनी ‘अक्करमाशी’ (१९८४) ही शिवीच आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर ठेवली. ‘धरणग्रस्त’ हा कचेरीतला शब्द. महाराष्ट्रातील विस्थापितांनी तो मोर्चाच्या फलकावर नेला. दोन्ही ठिकाणी ज्याला नाव दिले गेले, त्यानेच ते उच्चारले आणि त्याचा अर्थ पालटला. तेव्हा प्रश्न शब्द सभ्य आहे की असभ्य, हा नाही. ‘लंगड्या’चे ‘दिव्यांग’ केल्याने काही सुटत नाही; तेही दुसऱ्यानेच दिलेले नाव. प्रश्न उच्चाराच्या अधिकाराचा आहे.

या कसोटीवर ‘सैराट’ अर्ध्या वाटेवर थांबतो. स्वतः पायाने अधू असलेल्या तानाजी गालगुंडे यांना मंजुळे यांनी ही भूमिका दिली. मैत्री, प्रेमाची आस आणि मारही प्रदीपच्या वाट्याला आणला. हे थोडे नव्हे. पण आपल्या नावाविषयी बोलण्याची जागा त्याला मिळाली नाही. हे अर्धेपण दाखवणे समीक्षेचे काम होते. आपण ते केले नाही, कारण अस्मितेचा विचार करताना आपण जातीचा रकाना भरतो आणि देहाचा कोरा ठेवतो.

माणूस मात्र एका वेळी एकाच रकान्यात जगत नाही. ‘फँड्री’तल्या दगडाला दाद देणाऱ्यांनी ‘लंगड्या’वर हसलेले आपले हसू आता तपासावे. तो दगड त्या हसण्यावरही आलेला आहे.